त्या रात्रीच्या चहाबद्दल

नमस्कार.

आमच्या हॉस्पिटलबद्दल तुम्ही इंटरनेटवर लिहिलेला अभिप्राय मंगळवारी रात्री वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडनंतर सगळ्या स्टाफला वाचून दाखवला. हॉस्पिटल माझं आणि तुमच्या वडिलांवर उपचार करणारा डॉक्टरही मीच, म्हणून उत्तर मीच द्यायला हवं.

तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. आयसीयूबाहेर सिस्टर तुमच्या आईशी गप्पा मारत, चहा पाजत बसल्या होत्या आणि आत वडील एकटे होते. काहीही विचारलं की 'डॉक्टर सांगतील' एवढंच ऐकायला मिळायचं. शेवटच्या वेळी पडदा ओढून तुम्हाला बाहेर काढलं. आणि बिलात नेब्युलायझरचा मास्क दोनदा लावला आहे.

मास्कचं आधी सांगतो. तुमचं बरोबर आहे, ३२० रुपये जादा लागलेत. चूक बिलिंगची आहे, पैसे परत काढून ठेवले आहेत. वडिलांच्या आजाराबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, ते चव्हाट्यावर मांडायचं नसतं. मागितल्यापासून ७२ तासांत केसपेपर द्यावेत असा नियम आहे. तुमच्या अर्जाची वाट न बघता संपूर्ण प्रत तयार करून ठेवली आहे.

आता चहाचं. हे लिहिण्याआधी मी तुमच्या आईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "लिहा डॉक्टर, मीच त्याला सांगितलं नव्हतं." म्हणून लिहितो.

त्या दिवशी त्या सिस्टरांची दुपारपाळी होती. दोन ते आठ. आठला रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला सोपवणं, द्यायला-घ्यायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. तुम्ही पावणेनऊला आलात तेव्हा त्यांची ड्यूटी संपलेली होती आणि खांद्याला पर्स लावून त्या घरी निघाल्या होत्या. जाताना बाकावर बसलेल्या तुमच्या आईंकडे त्यांची नजर गेली. आईंच्या मांडीवर वडिलांच्या चपलांची प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीची गाठ त्या सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या, पुन्हा सोडत होत्या. बोटं थरथरत होती. कपाळाला घाम. पंख्याखाली बसलेल्या बाईला एवढा घाम का, असं म्हणून सिस्टरांनी हात धरला तर तो गार लागला.

विचारल्यावर कळलं की मधुमेहाची गोळी सकाळी घेतली होती आणि त्यानंतर पोटात अन्नाचा कण नव्हता. वडील आत, मग घशाखाली घास कसा उतरणार? सिस्टरांनी ग्लुकोमीटर आणून साखर तपासली. ५८. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं. कॅन्टीनमधून तीन चमचे साखर घातलेला चहा आला तो त्यासाठी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ९४ आली, मग बिस्किटं आणि अर्धी पोळी खायला लावली. ही पंधरा मिनिटं आणि पुढची थोडी तुम्ही पाहिलीत. बाकावर बसून हात हातात घेऊन त्या बोलत होत्या हेही खरं आहे. घरी कोण असतं, जनावरांना वैरण कोण घालतंय, हे विचारत होत्या. तुम्ही गप्पा म्हणालात, त्या रात्री लांबून तुम्हाला तसंच दिसणार. त्यासाठी तुम्हाला बोल लावत नाही.

पण 'आत वडील एकटे होते' याला माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. आत रात्रपाळीच्या सिस्टर होत्या, वडील एकटे नव्हते. पण व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स असावी, हा निकष आहे आणि त्या रात्री आमच्याकडे दोन रुग्णांमागे एक सिस्टर होती. तालुक्याच्या गावात जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली मुलं-मुली मिळणं अवघड आहे, बरेच जण पुण्या-मुंबईला जातात. ही माझी अडचण झाली, तुमची नाही. रात्रपाळीसाठी आणखी एक जागा काढली आहे. ती भरेपर्यंत व्हेंटिलेटरवर दोन रुग्ण असतील त्या रात्री मी स्वतः हॉस्पिटलमध्येच झोपतो आहे.

'डॉक्टर सांगतील' या वाक्याचा दोष तर सरळ माझ्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक प्रसंग झाला. सिस्टर एका नातेवाइकाला जे बोलल्या त्याचा भलताच अर्थ निघाला आणि स्वागतकक्षाच्या काचा फुटल्या. त्यानंतर मी तोंडी हुकूम काढला, नातेवाइकांना काही सांगायचं नाही, माझ्याकडे पाठवायचं. आणि मी भेटणार सकाळी अकराला, एकदा. म्हणजे तुमच्यासारख्याने उरलेले तेवीस तास काय करायचं, हा विचार मी केलाच नाही. आजार कुठल्या वळणावर आहे हे सांगणं डॉक्टरचंच काम, त्यात सिस्टरांनी पडू नये. पण रात्री झोप लागली का, ताप उतरला का, कूस बदलली का, हाक मारल्यावर डोळे उघडतात का, हे सिस्टरांना माझ्याहून जास्त ठाऊक असतं. ते सांगायलाही मी बंदी घातली होती.

१९७९ साली नॅन्सी मोल्टर या अमेरिकेतल्या नर्सने अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या ४० नातेवाइकांना विचारलं होतं की तुम्हाला इथे काय हवं असतं. आशा वाटावी, हे सगळ्यात वर आलं. त्याच्या जोडीनं प्रश्नांना खरी उत्तरं मिळावीत, तब्येतीत फरक पडला तर घरी फोन यावा, आपल्या माणसाची इथे कुणाला तरी काळजी आहे असं वाटावं. हे मी कधीतरी वाचलेलं होतं. अमलात मात्र आमच्या सिस्टरांनी आणलं, माझा हुकूम मोडून, आपल्या वेळेतून.

बाकासमोरच्या भिंतीवरची पाटीही मी परवा पहिल्यांदा नीट वाचली. डॉक्टरांवर हल्ला केल्यास २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा गरजेचा आहे, काचा फुटताना मी तिथेच उभा होतो. पण चार रात्री तुमच्या आई त्या बाकावर बसल्या आणि डोळ्यांसमोर सतत ती पाटी. ती आता प्रवेशद्वाराशी लावली आहे. बाकासमोर सिस्टरांच्या पाळ्या, त्या पाळीला कोण आहे त्यांचं नाव आणि सकाळ-संध्याकाळ बोलण्याच्या वेळा लिहिलेला फळा आहे. संध्याकाळी सातला मीही भेटतो.

शेवटच्या वेळेबद्दल. पडदा ओढायला मी सांगितलं आणि तुम्हाला बाहेर थांबवायलाही मीच सांगितलं. छातीवर दाब देताना माणसं दर दोन मिनिटांनी बदलावी लागतात, जागा अपुरी पडते, आणि ते दृश्य घरच्यांनी पाहू नये असं आम्हाला शिकवलं गेलं. पण फ्रान्समध्ये घरी जाऊन असे प्रयत्न करणाऱ्या पथकांनी ५७० नातेवाइकांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळ थांबायचं का असं विचारलं होतं, त्यांना तीन महिन्यांनी आघाताची लक्षणं इतरांपेक्षा कमी होती आणि पथकाच्या कामात अडथळाही आला नव्हता. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. तुम्ही थांबला असतात की नसतात हे तुम्ही ठरवायचं होतं, मी नाही. याबद्दल तुमची मनापासून माफी मागतो. यापुढे घरच्या एका माणसाला विचारायचं आणि थांबणार असतील तर एक सिस्टर त्यांच्या शेजारी उभी ठेवायची, असं ठरवलं आहे.

तेव्हा चहा पाजणाऱ्या त्याच सिस्टर दोनदा बाहेर आल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. "हृदय पुन्हा चालू करायचा प्रयत्न चाललाय, मी परत येते," म्हणाल्या आणि परत आल्या.

आणखी एक गोष्ट आईंनीच मला सांगितली. आदल्या दिवसापासून त्यांच्या पदराच्या गाठीत तुळशीचं पान होतं. सिस्टरांनी ते पाहिलं होतं. घशात श्वासाची नळी असताना तोंडात पाणी घातलं तर ते फुप्फुसात जातं, म्हणून तेव्हा नको, पान उशीशी ठेवा, असं त्यांनी समजावलं. सगळं संपल्यावर त्यांनी नळ्या काढल्या, कोमट पाण्याने वडिलांचं तोंड पुसलं, केस विंचरले, कॉटचा कठडा खाली केला, स्टूल ओढून आईंना बसवलं आणि मग पानाची आठवण करून दिली. मी तेव्हा टेबलावर दाखल्याचे कागद लिहीत होतो.

तुमचा अभिप्राय काढून टाका अशी विनंती मी करणार नाही. दिलेला एक तारा तसाच राहू दे, त्यातलं बरंचसं माझ्या वाट्याचं आहे. फक्त त्या सिस्टरांबद्दलच्या ओळी पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यांनी तुमचा अभिप्राय वाचल्यावर मला एकच प्रश्न विचारला, आईंची गोळी कुणी कमी करून दिली का?

ती कमी करायला हवी आहे. सोमवारी सकाळी आईंना उपाशीपोटी घेऊन या, सकाळची गोळी तपासणीनंतर. फी घेणार नाही. सिस्टर या आठवड्यात सकाळपाळीला आहेत. वडिलांचे केसपेपर, ३२० रुपये आणि बाकाखाली राहिलेली चपलांची पिशवी त्यांच्याकडे आहे.