वाक्य चांगलंय, मग नाव कोणाचं का असेना?

थोरांच्या नावाने फिरणारं एखादं वाक्य त्यांचं नाही असं सांगितलं, की सोलापुरात ठरलेलं उत्तर येतं: “असू दे की ओ, विचार चांगलाय नव्हं?” हेच म्हणणं आता लांबलचक मेसेज होऊन ग्रुपाग्रुपांवर फिरतंय. मुद्दे तीन: विचार मोठा आणि नाव गौण; खोटं असतं तर एवढ्या लोकांनी पुढे पाठवलं नसतं; आणि असली चिकित्सा म्हणजे थोरांचा अवमान.

नाव गौण असेल तर ते घालता कशाला? चौकातलं कुठलंही डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, बघा. वाक्य दोन ओळींचं आणि फोटो त्याच्या चौपट. तेच वाक्य गल्लीतल्या एखाद्या बापूंच्या नावाने लावा, गाडी थांबवून कोण वाचतंय? वजन नावाचंच आहे, म्हणून तर ते उसनं घेतलं जातं.

आणि उसनं घेताना खऱ्या माणसाचं जातं. ‘आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, आणि मग तुम्ही जिंकता.’ निवडणुकीत पडलेला आणि निवडून आलेला, दोघेही हे गांधीजींच्या नावावर खपवतात. गांधीजींच्या लेखनात किंवा भाषणांत ते सापडत नाही. त्याच्याशी जुळणारं बोलणं सापडतं 1918 सालचं, अमेरिकेत बाल्टिमोरला कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या अधिवेशनात निकोलस क्लाइन यांनी केलेल्या भाषणात. म्हणजे ते शिलाई मशीनवर बसणाऱ्यांना उद्देशून होतं. गिरण्यांवर वाढलेल्या, यंत्रमागावर जगलेल्या, शाळांचे गणवेश शिवून बाहेरगावी पाठवणाऱ्या शहराला हे कळायला नको?

शिवाय क्लाइन यांचा शेवट वेगळा आहे. ते तुमच्यावर हल्ला करतात, तुम्हाला जाळू पाहतात, आणि मग तुमची स्मारकं उभारतात, असं ते म्हणाले. जिंकण्याचं नाव नाही. सोलापूरकराला यातला फरक वेगळा समजावायला नको. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. पुतळे नंतर आले.

दुसरा मुद्दा, ‘खोटं असतं तर पसरलं नसतं’. याला मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावरचं भाषण पुरे. ‘मी भारतभर फिरलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही’ असं तो 2 फेब्रुवारी 1835 रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाला म्हणे. त्या दिवशी हा माणूस लंडनमध्ये नव्हताच. 1834 पासून तो हिंदुस्थानात, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात होता. तारीख मात्र खरी आहे, ती त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची. त्यात त्याने लिहिलंय की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची आहे. संताप यायला एवढं पुरेसं आहे. पण खऱ्या टिपणात तो आपल्याला हिणवतो, खोट्या भाषणात आपली तारीफ करतो. मग पसरणार कोणतं? मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, हे आइनस्टाइनच्या नावावरचं वाक्यही त्याच जातीचं. ते चर्चेत आलं 1994 मध्ये, आइनस्टाइन वारले 1955 मध्ये.

राहिला अवमान. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीला लिहिलेल्या ओळी प्रत्येक शाळेला प्रिय. ‘विद्येविना मति गेली’ मोठ्या अक्षरांत असतं, पण पुढचं ‘वित्ताविना शूद्र खचले’ कित्येक भिंतींवर गाळलेलं दिसतं. कशासाठी लिहिलं तेच काढून टाकायचं आणि वर फोटोला हार घालायचा. अवमान कोणी केला? चिकित्सा तर जोतीरावांनी स्वतःच आयुष्यभर केली.

तरीही एखादं वाक्य आवडलंच आणि कोणाचं ते कळलं नाही, तर बिननावी छापा. डिजिटलचा दर चौरस फुटावर असतो, फोटोपुरते पैसेच वाचतील.