शोधणे म्हणजे वाचणे नव्हे

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी आता अभ्याससाहित्य मोबाइलवरच वाचतात. त्याविषयी सरसकट तक्रार करावी असे मला वाटत नाही. नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर सुरगाणा-पेठहून एसटीने येणाऱ्या मुलाला फुकट वाचता येते, ही लहान गोष्ट नव्हे. माझा आक्षेप पडद्यामुळे लागलेल्या एका सवयीला आहे. मुले मजकूर वाचत नाहीत, त्यात शब्द शोधतात.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यातील प्रसिद्ध प्रशस्तीचे, म्हणजे राजाची थोरवी गाणाऱ्या कोरीव लेखाचे, भाषांतर मी वर्गाच्या ग्रुपवर पाठवले आणि हा लेख कोणी, केव्हा कोरविला, असे विचारले. बऱ्याच जणांनी ‘गौतमीपुत्र’ हा शब्द शोधला, आजूबाजूच्या दोन-तीन ओळी पाहिल्या आणि लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचाच असल्याचे लिहून दिले. वास्तविक लेखाची सुरुवातच त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षाच्या उल्लेखाने होते, आणि लेणे भिक्षूंना दान देणारी आहे गौतमी बलश्री, जी स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, अशी ज्याची थोरवी तेथे गायिली आहे, त्याच्याविषयी बोलणारी ती आई आहे, हे पहिल्या ओळीपासून वाचत आलेल्यालाच कळते. शोधणारा थेट पराक्रमावर उतरतो. (जुन्या मराठी पीडीएफमधील टंक असे असतात की शब्द समोर दिसत असूनही शोधात सापडत नाही. मग ‘सर, यात ते नाहीच’ असे उत्तर येते.)

दुसरी अडचण दोन साधने शेजारी ठेवण्याची. याच प्रशस्तीत सातकर्णीला क्षहरात या शक क्षत्रपांच्या वंशाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. आईने केलेली स्तुती म्हणून ते सोडून देता आले असते, पण आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये याच वंशातील राजा नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने पुन्हा आपले ठसे उमटविलेले होते. लेखातील ओळ आणि नाण्यावरील ठसा एकाच वेळी नजरेसमोर हवा. तळहाताएवढ्या पडद्यावर एक उघडले की दुसरे झाकले जाते. मात्र खालचा पुसट झालेला नहपानाचा चेहरा बोटांनी मोठा करून पाहण्याची सोय माझ्या विद्यार्थिदशेत नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून यंदा मी प्रशस्तीच्या भाषांतराच्या झेरॉक्स वाटल्या आणि नाण्यांची छायाचित्रे मोबाइलवरच ठेवली. पहिल्या तासाला एका विद्यार्थिनीने पेन्सिलीने ‘आजी’ या शब्दाभोवती गोल काढला आणि विचारले, “सर, मग तोपर्यंत सातकर्णी वारला होता का?” उरलेला तास त्या एकाच प्रश्नावर गेला.