गेंड्याची जोडी काहून?

काटोल रोडच्या टपरीवर काल रात्री गेंड्यावरून वाद पेटला. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातल्या आफ्रिकन सफारीचा बेत बरीच वर्षं चर्चेत आहे. तिथे कोणते प्राणी असावेत, यावर आमच्याकडे अधूनमधून बोलणं होतंच, पण काल काकाजींनी चक्क कागदावर यादी करायला घेतली. जिराफ, झेब्रा, सिंह आणि गेंड्याची एक जोडी.

"जोडी काहून?" आमच्या पशुवैद्य मित्राने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"एक नर, एक मादी. पिल्लं होतीन, पोट्टे पाहाले येतीन."

"नाही होत, काकाजी." मग त्याने अमेरिकेतल्या सॅन दिएगोची गोष्ट सांगितली. तिथल्या प्राणिसंग्रहालयात एक पांढरा गेंडा मादीसोबत कित्येक वर्षं राहिला, पण पिल्लू झालं नाही. 1971 मध्ये शहराबाहेरच्या सफारी पार्कसाठी दक्षिण आफ्रिकेतून वीस गेंडे आणले आणि या नरालाही त्यांच्यात नेलं. कळप मिळाला, निवडीला माद्या मिळाल्या, तशी एकामागून एक पिल्लं झाली. पांढरा गेंडा कळपात राहणारा. त्याची जोडी आणणं म्हणजे त्याला एकटं पाडणं.

बँकवाला म्हणाला, "मग आपला एकशिंगी आना ना. काझीरंग्यात 2022 च्या गणतीत 2613 निघाले."

"तो एकटा राहणारा. दोघांना एका कुंपणात कोंडलं तर मारामारी. आणि तो पाणथळ गवताळ रानातला. दीड-दोन हजार किलोंचं धूड कडक फरशीवर उभं राहिलं की तळपाय फाटतात, जखमा बऱ्या होता होत नाहीत. चिखल त्याला औषधासारखा लागतो."

"यूपीतल्या दुधव्यात 1984 मध्ये आसामातून नेलेच ना?" बँकवाला हटला नाही.

"दुधवा तराईत आहे बे, हिमालयाच्या पायथ्याच्या पाणथळ पट्ट्यात! तिथे आधी गेंडे होतेच, ते माहेरी गेले. तरी पहिल्या काही गेंड्यांपैकी सगळे जगले नाहीत. आणि आपल्याकडे मे महिना कसा असतो?"

यावर काकाजी जे बोलले, ते मला अजून आठवतंय. "माझ्या नातवानं गेंडा पुस्तकातच पाहाचा का? आसामले जाची आमची ऐपत नाही." कोणी काही बोललं नाही. पशुवैद्यसुद्धा गप्प बसला. मलाही हा मुद्दा खोडता येत नाही. थोडक्या पैशात, शहराच्या बसने जाऊन पोराला जिवंत गेंडा दिसावा, यात काय वावगं आहे? सफारी शेवटी त्यासाठीच असते.

म्हणून माझं म्हणणं मी तिथेच मांडलं. गेंडा आणा, पण यादी आखूड करा. चार प्रकार कमी आणि एका प्रकाराचा नीट कळप. आधी विलगीकरणाची जागा बांधा. 2024 च्या डिसेंबरात गोरेवाड्यातले तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले, हे नागपुरात कोण विसरलं? आणि विदर्भातून पकडून आणलेले, परत रानात सोडता न येणारे वाघ-बिबटे तिथल्या बचाव केंद्रात येतात, त्यांच्या जागेला हात लावू नका. परदेशी पाहुण्यांसाठी घरातली माणसं ओसरीवर काढत नाहीत.

बँकवाल्याला हे पटलं नाही. गर्दी विविधतेने होते, गर्दीच्या पैशातूनच वाघांचं मटण येतं, असं त्याचं म्हणणं. तेही अगदी चूक नाही.

काकाजींनी 'जोडी' खोडली. "किती माद्या लिहू?"

"पाच तरी. नर दोन. आणि खाली लिहा, मातीची जमीन, गवत, चिखलाचा डोह."

काकाजी लिहीत होते. टपरीवाला भांडी विसळता विसळता म्हणाला, "डोह लिहून राह्यले, पन मे महिन्यात त्यात पानी कोनतं सोडसान? गोरेवाड्याचा तलाव तर आपल्या नळाले लागते."

पेन थांबला. यादी तिथेच टेबलावर राहिली.