चेहरा दाखवण्याचा नियम आहेच. मग बंदी कशासाठी?

सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकमधल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर बुरखाबंदीची मागणी करणारा एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा सारांश असा: सर्व प्रगत देशांनी आणि मुस्लिम देशांनीही बुरख्यावर बंदी घातली आहे, बुरख्याआड बोगस मतदान होते आणि परीक्षेत कॉपी चालते, सुरक्षेसाठी चेहरा दिसलाच पाहिजे, न्यायालयांनी बंदीला आधीच मान्यता दिली आहे, बंदीमुळे मुस्लिम स्त्री मुक्त होईल, आणि खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडद्याच्या विरोधात होते. ज्यांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही अशा माणसांनीही हा संदेश पुढे पाठवला आहे, म्हणून त्यातील प्रत्येक दावा तपासणे मला आवश्यक वाटते. माझी भूमिका आधीच सांगते. चेहरा झाकण्याची प्रथा मला पटत नाही. परंतु ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवायला सांगणे वेगळे आणि रस्त्यावरून चेहरा झाकून चालणाऱ्या बाईला दंड करणे वेगळे, आणि संपूर्ण संदेश या दोन गोष्टींची गल्लत करण्यावर उभा आहे.

पहिला दावा परदेशांचा. फ्रान्समध्ये 11 एप्रिल 2011 पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास मनाई आहे आणि दंड 150 युरोपर्यंत आहे, हे खरे. बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क यांनीही तसे कायदे केले. स्वित्झर्लंडमध्ये मार्च 2021 च्या सार्वमतात 51.2 टक्के मतदारांनी बंदीला कौल दिला आणि ती 1 जानेवारी 2025 पासून लागू झाली. पण ‘सर्व प्रगत देश’ हे विधान चुकीचे आहे, कारण ब्रिटन आणि अमेरिकेत अशी देशव्यापी बंदी नाही, आणि नेदरलँड्सच्या 2019 च्या कायद्यातून रस्ते मुद्दाम वगळले आहेत. तो शाळा, रुग्णालये, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहने यांच्यापुरता आहे. मुस्लिम देशांचेही तसेच. ट्युनिशियाने 2019 मध्ये सरकारी कार्यालयांत नकाबला, म्हणजे चेहरा झाकणाऱ्या पडद्याला, मनाई केली आणि इजिप्तने 2023 मध्ये शाळांत केली. या दोन्ही आदेशांत रस्त्याचा उल्लेख नाही. श्रीलंकेत 2019 च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर आलेली बंदी आणीबाणीच्या नियमांखालची होती.

फ्रान्सच्या बाबतीत संदेशाने जे गाळले आहे ते अधिक महत्त्वाचे आहे. कायदा करताना तिथे चेहरा झाकणाऱ्या स्त्रियांचा सरकारी अंदाज सुमारे 1900 इतकाच होता. त्याच कायद्यात स्त्रीवर चेहरा झाकण्याची सक्ती करणाऱ्याला एक वर्षाचा कारावास आणि 30,000 युरो दंडाची तरतूद आहे. आपल्याकडच्या संदेशात मात्र सक्ती करणाऱ्या पुरुषाबद्दल अक्षर नाही, सारा रोख त्या बाईवरच आहे. 1 जुलै 2014 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, हे संदेशात अभिमानाने नमूद आहे. परंतु सुरक्षेच्या कारणासाठी सरसकट बंदी आवश्यक आहे हा फ्रान्सचा युक्तिवाद त्याच निकालात अमान्य झाला, आणि ज्या प्रथेचे समर्थन खुद्द स्त्रिया करतात ती स्त्री-पुरुष समानतेच्या नावाने राज्याला बंद करता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. कायदा तगला तो समाजातील सहजीवनाच्या एका मर्यादित मुद्द्यावर. पुढे 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने दोन स्त्रियांच्या तक्रारींवर फ्रान्सने त्यांच्या हक्कांचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला.

आता बोगस मतदानाचा दावा. यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण शिक्षिका म्हणून निवडणुकीची ड्युटी अनेकदा वाट्याला आली आणि जुन्या नाशकातील केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून मी हे काम स्वतः केले आहे. पडदानशीन मतदार येणार हे गृहीत धरूनच तिथे स्त्री कर्मचारी नेमलेली असते. वर्गाच्या कोपऱ्यात बाक आडवे लावून त्यावर चादर बांधायची, की आडोसा तयार होतो. बाई आत येते, नकाब वर करते, मी मतदार यादीतला फोटो आणि ओळखपत्रावरचा फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहते, तिचे नाव आणि अनुक्रमांक उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचले जाते, डाव्या तर्जनीला शाई लागते आणि ती मतदानाला जाते. कुणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. उलट उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या बायका आडोशात येताच स्वतःहून नकाब काढून घाम पुसत. एखाद्या प्रतिनिधीला ओळखीबद्दल शंका असेल तर दोन रुपये भरून त्याला आक्षेप घेता येतो आणि केंद्राध्यक्षांना तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मत, म्हणजे वेगळ्या मतपत्रिकेवरचे मत, देता येते. मतदार यादीत पडदानशीन स्त्रियांचे फोटो नसावेत, ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्येच फेटाळली आहे. एखाद्या केंद्रावर चेहरा न पाहताच मतदान होऊ दिले गेले असेल, तर तो तिथल्या कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा आहे, आणि त्यावरचा उपाय पुरेशा स्त्री कर्मचारी नेमणे हा आहे. रस्त्यावर बुरखा बंद झाल्याने केंद्रातला हलगर्जीपणा थांबत नाही.

परीक्षेचे उत्तर याहून वेगळे नाही. जानेवारी 2025 मध्ये मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून दहावी-बारावीच्या केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी केली होती. भुसे आमच्याच जिल्ह्यातील मालेगाव बाह्यचे आमदार, आणि बुरख्यातल्या सर्वाधिक परीक्षार्थी मुली कदाचित मालेगावातच असतील. प्रवेशद्वारापाशी शिक्षिकेने मुलीला बाजूला घेऊन हॉल तिकिटावरील फोटो ताडणे आणि झडती घेणे, एवढ्याने ओळखीचा प्रश्न मिटतो. कॉपी कशी चालते हे ज्याने पर्यवेक्षण केले आहे त्याला ठाऊक आहे: खिडकीतून चिठ्ठ्या येतात, पर्यवेक्षक कानाडोळा करतात, कधी कधी केंद्रच ‘मॅनेज’ झालेले असते. बैठे पथक आणि भरारी पथक यांसाठीच आहे. बुरख्यामुळे केंद्रावरून परत पाठवलेल्या मुलीचे मात्र वर्ष जाते, आणि कित्येक घरांत त्यानंतर शिक्षणच थांबते.

सुरक्षेसाठी चेहरा दिसला पाहिजे, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे, आणि जिथे त्याची गरज आहे तिथे ते लागूही आहे. विमानतळावर स्त्रियांच्या तपासणीचा वेगळा कक्ष असतो. पासपोर्टच्या फोटोत धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते, पण हनुवटीपासून कपाळापर्यंतचा चेहरा दिसावाच लागतो. सिंहस्थात रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरात पोलिसांनी कुणालाही, कुठल्याही धर्माच्या माणसाला, चेहरा दाखवायला सांगितले तर तक्रारीला जागा नाही. संदेशाची मागणी त्यापुढची, म्हणजे सरसकट बंदीची आहे. असा कायदा सर्वांना सारखा लावायचा म्हटला, तर कॉलेज रोडवर डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधलेल्या स्कूटरवरच्या मुली, लासलगावच्या खळ्यांत धुळीमुळे नाकातोंडावर ओढणी गुंडाळून कांदा निवडणाऱ्या बायका, निफाडच्या द्राक्षबागेत फवारणी करणारे मजूर, हे सगळे त्यात येतील. त्यांना वगळून फक्त मुस्लिम स्त्रीला पकडायचे, तर समानतेची हमी देणारे आणि धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करणारे संविधानाचे अनुच्छेद 14 आणि 15 आड येतात. यातून वाट कशी काढायची, यावर संदेश गप्प आहे.

न्यायालयांविषयीचा दावा अर्धवट वाचनातून आला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचा 15 मार्च 2022 चा निकाल वर्गातील गणवेश आणि हिजाब यांच्यापुरता होता, आणि हिजाबमध्ये चेहरा उघडाच असतो. सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 रोजी दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली, न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली, तर न्या. सुधांशू धुलिया यांनी, केवळ हिजाब घालते म्हणून मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचे आयुष्य सुधारतो आहोत का, असा प्रश्न केला. प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवले गेले. चेंबूरच्या महाविद्यालयाच्या प्रकरणात ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपी यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली, पण वर्गात चेहरा झाकता येणार नाही, हेही स्पष्ट केले. वर्गाबाबतची ही रेषा मला योग्य वाटते. मात्र यातील एकाही आदेशात रस्त्यावरच्या बंदीला मान्यता नाही.

बंदीने स्त्री मुक्त होते का, याची परीक्षा इतिहासात झालेली आहे. इराणच्या रझा शाहने जानेवारी 1936 मध्ये पडद्यावर बंदी घातली आणि पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या चादरी, म्हणजे डोक्यावरून अंगभर घेतलेली वस्त्रे, ओढल्या. परिणामी अनेक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. 1941 मध्ये शाह पायउतार होताच बंदी सैल झाली आणि चादर परतली; 1979 नंतरच्या राजवटीने तर उलट सक्ती केली. ज्या घरात नकाबशिवाय मुलीला बाहेर पडू देत नाहीत, त्या घरात नकाबवर बंदी आली तर मुलगी दाराच्या आतच राहील. तिची बस, तिचे कॉलेज, दवाखाना, पगार, सगळे त्या दारापाशी थांबेल, आणि ती दिसेनाशी झाली याची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर होणार नाही. मला या मागणीतली सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

उरला डॉ. आंबेडकरांचा दाखला. फाळणीवरील ग्रंथात त्यांनी पडद्याचे स्त्रियांच्या आरोग्यावर आणि मनावर होणारे परिणाम कठोर शब्दांत मांडले आहेत. ते झाकण्याचे कारण नाही. भारतीय मुसलमानांमध्ये समाजसुधारणेची संघटित चळवळ नाही, ही खंतही त्यांनी तिथेच व्यक्त केली. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला: 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. त्या स्त्रिया हक्क मागत होत्या. बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून स्त्रियांसाठी जे विधेयक आणले त्यात वारसा, घटस्फोट आणि दत्तक यांचे अधिकार होते, पोशाखाबद्दल दंड नव्हता. आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला तो मुख्यतः हे हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून.