गिरण्या 1991 ने बंद पाडल्या नाहीत

परवा लालबागच्या आत्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलं, "बघ, खरं आहे की नाही." मजकूर असा: 1991 साली दारं उघडली, परदेशी कंपन्यांनी गिरण्या बंद पाडल्या, बर्गरने वडापाव खाल्ला आणि हजारो वर्षांची शुद्ध मराठी संस्कृती मुंबईतून संपली. एरवी असलं काही आलं की मी डिलीट करतो. पण हे आत्याने पाठवावं?

मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचा संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आतोबा त्यातलेच. आधी घरातला पितळी हंडा गेला, मग आत्या डबे करून द्यायला लागली. 1991 उजाडायला तेव्हा नऊ वर्षं होती! मालकांनी जुनी यंत्रं बदलली नव्हती, भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्त कापड निघत होतं. हे सगळं तिने पाहिलंय.

एक मात्र मान्य करावं लागेल. नंतर बाहेरचा पैसा आला आणि लोअर परळच्या जमिनीचे भाव चढले. पण त्याच 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे मुंबईतल्या बांधकामाच्या नियमांत, नियम 58 होता: गिरणीची जागा विकासाला काढली तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये तो बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, म्हणजे मैदानं आणि घरं दोन्हींचा वाटा आटला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. ही दुरुस्ती कुठल्या परदेशी कंपनीने केली नाही, आपल्याच राज्य सरकारने केली. फॉरवर्डमध्ये याचा एक शब्द नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

वडापावची गाडी कोपऱ्याकोपऱ्यावर उभी आहे. त्यातला बटाटा आणि मिरची मुळात अमेरिका खंडातली, पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. आत्याच्या एकादशीच्या खिचडीतले शेंगदाणेही तिकडचेच. आणि ज्या गिरणगावासाठी, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भागासाठी, गळा काढलाय, तिथल्या गिरण्यांत यंत्रं इंग्लंडहून आली होती, माणसं कोकणातून आणि घाटावरून.

आतोबा गेले, पण गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांनी भरलेल्या अर्जाची पावती आत्याच्या कपाटात साड्यांखाली अजून आहे. आत्या, ग्रुपवर टाकायचाच तर त्या पावतीचा फोटो टाक.