विमानातून मिथेन मोजता येतो

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आलेला मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत विमानं उडवून गॅसविहिरींतून गळणारा मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) मोजतात ती निव्वळ थाप. वारा मिथेन उडवून नेतो, विमानाचा स्वतःचाच धूर मोजला जातो, खरा मिथेन गुरांचा असतो आणि आकडे एका दिवसाचे असतात. काकांनी खाली ‘अगदी बरोबर’ लिहिलं, म्हणून हे उत्तर.

वाऱ्याचा मुद्दा आधी, कारण तो सपशेल उलटा आहे. वारा नसेल तर हे मोजमाप होतच नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला विमान आत शिरणाऱ्या हवेतला मिथेन नोंदवतं. मग हवा बाहेर पडते त्या बाजूला आडव्या फेऱ्या मारतं. दोन्हींतला फरक ही गॅसक्षेत्राने घातलेली भर. समजा ती सरासरी ५० पीपीबी (हवेच्या दर अब्ज रेणूंमागे मिथेनचे ५० रेणू) आहे, मिथेन वाढलेल्या पट्ट्याची रुंदी ४० किलोमीटर, हवा ढवळली जाते तो थर १,५०० मीटर उंच आणि वारा सेकंदाला ५ मीटर. गुणाकार करा, तासाला सुमारे ३५ टन मिथेन येतो. वारा ५ ऐवजी ६ धरला तर उत्तर २० टक्क्यांनी फुगतं. थराची उंची चुकली तरी तीच गत. म्हणून विमान मध्येच वर चढून थराचा माथा शोधतं, आणि वारा मंद किंवा सारखी दिशा बदलणारा असेल तर त्या दिवसाचा हिशेब धरत नाहीत.

धुराचं म्हणाल तर हवा घेणारी नळी एक्झॉस्टच्या पुढे असते. गुरांच्या मिथेनबरोबर इथेन हा दुसरा वायू येत नाही, विहिरीच्या गॅसबरोबर बहुधा येतो; त्यावरून मिथेन कुठला ते ओळखता येतं. विषय संपला.

एका दिवसाचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. युटामधल्या युइंटा खोऱ्याचा गाजलेला आकडा, तासाला ५५ टन (१५ कमीजास्त), ३ फेब्रुवारी २०१२ या एकाच दिवसाचा आहे. शिवाय विहिरीत साचलेलं पाणी काढायला कामगार दिवसा विहीर हवेत मोकळी सोडतात. दुपारच्या विमानाला ते दिसतं, आणि तोच दर रात्रंदिवस धरला की हिशेब फुगतो.

पण २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या सहा भागांतली, हवेतून घेतलेली जवळपास १० लाख मोजमापं आहेत. सरासरी गळती गॅस उत्पादनाच्या २.९५ टक्के, म्हणजे सरकारी अंदाजाच्या सुमारे तिप्पट. त्यातल्या १५ पैकी ११ सर्वेक्षणांत विहिरींच्या ठिकाणांवरची निम्मी किंवा त्याहून अधिक गळती १.७ टक्क्यांहूनही कमी ठिकाणांची होती. सरकारी हिशेब प्रत्येक यंत्रामागे ठरावीक सरासरी धरून होतो. विझलेली फ्लेअर (नको असलेला गॅस जाळून टाकणारी ज्योत) किंवा टाकीचं उघडं राहिलेलं झाकण त्या सरासरीत नीट धरलं जात नाही.