आधी टक्, मग सूर

कोणीतरी एकदा नीट सांगेल का, की ॲकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायला बसलं की गिटारच्या आधी प्लास्टिक का ऐकू येतं? खोलीत वाजवताना काय सुंदर वाटतं. भरीव, लाकडी, उबदार. रेकॉर्ड करून हेडफोन लावले की टक् टक् टक् टक्. त्या टकटकीच्या मागून कुठूनतरी सूर येतायत. डोक्याला ताप नुसता.

आता याचं कारण काही गूढ नाही. वाजवणाऱ्याचे कान गिटारच्या वर आणि मागे असतात, आवाज पुढे फेकला जातो, आणि जो काही कानापर्यंत पोचतो त्यात खोलीचा आवाज मिसळलेला असतो. माइक मात्र तारांपासून वीतभर अंतरावर डोळे वटारून बसलेला. त्याला पिकची, म्हणजे तारा छेडायच्या त्या प्लास्टिकच्या तुकड्याची, प्रत्येक ठेच दिसते. इथपर्यंत ठीक आहे. संताप येतो तो पुढे मिळणाऱ्या सल्ल्यांचा.

"माइक बाराव्या फ्रेटपाशी ठेव." हा मंत्र सगळ्यांना पाठ (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). बरं, ठेवला. पण त्याचं तोंड कुठे करायचं, हे कोण सांगणार? बाराव्या फ्रेटपाशी ठेवून साउंडहोलकडे (बॉडीवरच्या गोल भोकाकडे) वळवलात तर पिकचा हात बरोब्बर माइकच्या नाकासमोर येतो. मग काय उपयोग? तोंड मान आणि बॉडीच्या सांध्याकडे किंवा थोडं आणखी हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाच्या, बाजूला हवं. मग पिक बाजूला पडतं, आणि कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, बाजूचे वरचे आवाज जरा कमी घेतो. अंतर वीतभरावरून दीड-दोन फुटांवर नेलं की टकटक आणखी बसते, पण खोली वाईट असेल तर आता तिची रडकथा ऐकू यायला लागते. आणि माइक थेट साउंडहोलसमोर लावणारे महाभाग वेगळेच. पिक समोर, वर १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा फुकट.

मग दुसरा गट, नंतर सगळे आवाज एकत्र करताना दुरुस्त करू म्हणणारा. "अरे, मिक्समध्ये काढू की!" यांना तर साष्टांग नमस्कार. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. पिकची टकटक साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात जास्त टोचते, आणि तिचे तुकडे त्याच्याही बरेच वर जातात. तारांची चमकही तिथेच राहते. टक् काही मिलिसेकंदांची, पण ईक्यू (ठराविक पट्ट्यातले आवाज कमी-जास्त करणारं साधन) कापतो तो पूर्ण गाणंभर. टकटक कमी होते, गिटारही गोधडीखाली जाते.

कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लाव म्हणणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. ॲटॅक, म्हणजे दाबायला घेतलेला वेळ, ३० मिलिसेकंद ठेवला की टक् सुखरूप निसटते, कॉम्प्रेसर जागा होतो तोवर सूर सुरू झालेला असतो, मग दाबला जातो तो बिचारा सूरच. वरून दाबलेला आवाज भरून काढायला मेकअप गेन दिला की टक् आधीपेक्षा मोठी. आणि सल्ला देणारा विचारतो, "आता कसं वाटतंय?" आवाजाची सुरुवात घडवणारा ट्रान्झिएंट शेपर, गरज पडेल तेव्हाच कापणारा डायनॅमिक ईक्यू, गायकाच्या स-श साठी बनवलेला डी-एसर, हे थोडं काम करतात, मान्य. पण २-३ डेसिबलच्या पुढे गेलात की गिटार पेटीसारखी वाजायला लागते. कारण टक् ही सुरावर बसलेली धूळ नाही, ती सुराची सुरुवात आहे. ती पुसली की सूर हवेतून उगवल्यासारखा वाटतो. माइकऐवजी गिटारमधल्या पिकअपची लाइन घ्यायला सांगणाऱ्यांना तर उत्तरच द्यायचं नाही. सॅडलखालचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखालचा, पिएझो पिकअप टकटक आणखी कडक करून देतो.

आता पिक. "पातळ पिक घे, मऊ वाजेल." हे वाक्य ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. ०.४६ मिलिमीटरचं पातळ पिक तारेवर वाकतं आणि फट्कन परत येतं. तो फटका प्लास्टिकचा स्वतःचा आवाज असतो. तारेला जोर मिळतो कमी, म्हणून सूर लहान आणि फटका मोठा. स्ट्रमिंगची छक्‌छक् मुद्दाम हवी असेल तर खुशाल घ्या, गंमत येते. पण मऊ? कुठल्या अर्थाने मऊ? एक मिलिमीटरच्या आसपासचं जाड पिक हलक्या हाताने धरून वाजवा आणि मग बोला.

त्याहून साधी गोष्ट कोणी ओरडून सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. पिक उलटं धरा. टोकाऐवजी गोल खांदा तारेवर. आवाज लगेच गोलसर होतो, टकटक निम्म्याने उतरल्यासारखी वाटते. आणि पिकची कड जरा उजेडात धरून बघा: घासून घासून तिला खरखरीत दाते आलेले असतात. बारीक पॉलिश पेपरवर किंवा जीन्सच्या कापडावर घासली की ते जातात. पिक थोडं तिरकं धरलं तर ते तारेवरून निसटतं, सपाट आपटत नाही. पण फार तिरकं केलंत की जाड तारांच्या वेटोळ्यांवर खर्र असं घासतं, आणि मग टक् परवडली म्हणायची वेळ येते. कमाल आहे, एक तरी गोष्ट सरळ असावी!

डबल ट्रॅकिंगचं, म्हणजे तोच भाग दोनदा वाजवून दोन्ही ठेवण्याचं, तर बोलूच नका. डावीकडे एक टेक, उजवीकडे दुसरा, सूर झकास जुळलेले, आणि दोन्हींची टक् मात्र मागे-पुढे. टक्-टक्क्. हेडफोनात जाऊन कोणी पत्ते पिसतंय की काय!

या सगळ्यातून जाऊन मी स्वच्छ टेक पाठवतो. मिक्स करणारे साहेब काय करतात? "गिटार पुढे येत नाहीये" म्हणून ५ किलोहर्ट्झच्या वर सगळं उचलतात, त्यावर कॉम्प्रेसर, त्यावर आणखी एक चमकवणारं काहीतरी प्लगइन. मग मला निरोप: "पिकचा आवाज फार येतोय, परत वाजवून पाठव."

परत वाजवणार नाही. तीच फाईल पुन्हा पाठवली आहे. खाली लिहिलंय, आधी तुमची चमक बंद करून ऐका.